उंदरांच्या मठातला स्वयंपाक : 'द रेडवॉल कुकबुक' वाचून, रांधून, वाढून

काल्पनिक दुनियांमधल्या जेवणाची पाककृती-पुस्तकं आता ढिगानं मिळतात. मालिका गाजली, सिनेमा चालला की मागोमाग तिचं कुकबुक येतं. त्यांतल्या पुष्कळांत केक नेहमीचाच असतो, सरबतही नेहमीचंच, वर फक्त त्या दुनियेतलं नाव चिकटवलेलं असतं. ब्रायन जॅक्स यांचं २००५ सालचं 'द रेडवॉल कुकबुक' मी त्या ढिगातून मुद्दाम बाजूला काढते. ते लिहिणारा माणूस अन्नाबद्दल आधी वीसेक वर्षं लिहीत होता आणि त्याचं लिहिणं सुरू झालं तेच डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलांसाठी.

मी दर आठवड्याला दृष्टिहीन मुलांच्या एका वसतिगृहात गोष्टी वाचून दाखवायला जाते. त्यामुळे हे पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा ते शेल्फवर राहणार नव्हतं. ते वाचलं, त्यातलं निवडून रांधलं आणि मुलांना वाढलं. त्यावरून हे लिहिते आहे.

रेडवॉल ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉसफ्लॉवर नावाच्या जंगलात लाल दगडाचा एक मठ आहे, तिथे उंदरांचा एक शांतताप्रिय पंथ राहतो. त्यांच्या आसऱ्याला खारी, पाणमांजरं, हेजहॉग, ससे, बिज्जू आणि जमिनीत बिळं खणणारे मोल. बाहेरून घुशी, वीझल आणि स्टोट हे मुंगसासारखे शिकारी प्राणी, कोल्हे चाल करून येतात, मठ लढतो, आणि लढाईच्या आधी, नंतर, कधी मधेही, सगळे जेवतात. १९८६ ते २०११ या काळात अशा बावीस कादंबऱ्या आल्या. तलवारबाजी विसरली तरी त्यातली पंगत लक्षात राहते, हे मी लहान-मोठ्या सगळ्या वाचकांकडून ऐकलेलं आहे.

कुकबुकाची मांडणी चार ऋतूंची आहे: वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. पाककृतींच्या अधूनमधून मठातल्या स्वयंपाकघराची गोष्ट चालते. फोटोंऐवजी ख्रिस्तोफर डेनिस यांची रंगीत चित्रं आहेत. फोटो नसण्याची कुरकुर मी ऐकली आहे, मला ती पटत नाही. फोटो आला की पदार्थ तसाच दिसायला हवा अशी सक्ती येते. इथे पदार्थ कसा लागला पाहिजे ते आधीच्या कादंबऱ्यांनी सांगून ठेवलेलं आहे, आणि ते सांगणं इतकं नेमकं आहे की चित्राशिवायही भागतं.

हा नेमकेपणा कुठून आला, ते सांगायलाच हवं. जॅक्स लिव्हरपूलचे. गोदीकामगार, खलाशी, लॉरी ड्रायव्हर असे नाना व्यवसाय करत ते दूधवाले झाले. दूध पोचवायच्या वाटेवर वेव्हरट्री भागातली अंधशाळा होती. १७९१ साली सुरू झालेली ही संस्था ब्रिटनमधली सगळ्यात जुनी अंधशाळा. तिथे ते मुलांना वाचून दाखवायला लागले. हाताशी असलेली पुस्तकं त्यांना आवडेनात, म्हणून त्यांनी स्वतःच गोष्ट लिहायला घेतली, आणि ऐकणाऱ्याला दिसत नाही हे गृहीत धरून लिहिली. कवच फुटल्याचा आवाज, पिठाचा वास, मधाचा चिकटपणा, वाफेची ऊब. त्यांचे जुने शिक्षक ॲलन डरबंड यांनी ते हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवलं आणि पहिली कादंबरी निघाली.

वाचून दाखवणाऱ्या माणसाला याचं मोल लगेच कळतं. आपल्याकडच्या गोष्टींत राजाच्या घरी 'पंचपक्वान्नं' असतात. बस्, एवढंच. कोणती पाच? गरम होती का? तुपाची धार वरून सोडली होती की पोळी तुपातच बुडवली होती? गोष्ट सांगत नाही. बकासुराच्या गोष्टीत भीम गाडाभर अन्न एकट्यानं संपवतो, पण माझ्यासमोरची मुलं दर वेळी मला अडवून विचारतात की ताई, भाताबरोबर कालवण काय होतं? लहानपणी जॅक्स यांची अशीच चिडचिड व्हायची, असं त्यांनी सांगितलेलं आहे. पुस्तकात मेजवानी झाली म्हणायचं आणि चव सांगायचीच नाही, हे काय! रेडवॉलमध्ये ती उधारी फेडलेली आहे. पहिल्याच कादंबरीत मठाधिपतींच्या सुवर्णमहोत्सवाची पंगत आहे. तिच्यासाठी मथायस नावाचा तरुण उंदीर ब्रदर आल्फबरोबर तळ्यातून ग्रेलिंग मासा धरून आणतो आणि फ्रायर ह्यूगो, हा गलेलठ्ठ मुख्य आचारी, शेपटीत पान धरून स्वतःला वारा घालत स्वयंपाकघर चालवतो. मासा कुठल्या पाण्यातला, कोणी धरला, कोणी शिजवला, कोणी वाढला, सगळं कळतं. मग त्या मठावर विश्वास बसतो.

दुसरं कारण भुकेचं. जॅक्स यांचा जन्म जून १९३९चा. ब्रिटनमध्ये बेकन, लोणी आणि साखर यांचं रेशनिंग ८ जानेवारी १९४० रोजी सुरू झालं, तेव्हा ते तान्हे होते. मांसावरचं शेवटचं बंधन ४ जुलै १९५४ रोजी उठलं, तेव्हा त्यांना नुकतंच पंधरावं वर्ष पुरं झालेलं होतं. म्हणजे अख्खं बालपण कुपनांवर गेलं. माणशी आठवड्याला साधारण दोन औंस लोणी, दोन औंस चीज, आठ औंस साखर, एक अंडं. दोन औंस लोणी म्हणजे सत्तावन्न ग्रॅम, आपल्याकडच्या शंभर ग्रॅमच्या पाकिटाच्या निम्म्याहून जरासा मोठा तुकडा, सात दिवसांसाठी. त्यात बंदराचं शहर म्हणून लिव्हरपूलवर बाँबही पडत होते. त्या मुलानं मोठेपणी मठाचं कोठार लिहिलं तेव्हा त्यात चीजच्या चकत्या, मधाचे बुधले, सफरचंदांचे ढीग आणि ऑक्टोबर एल या बिअरसारख्या पेयाची पिंपं भरून ठेवली यात मला नवल वाटत नाही. सी. एस. लुईस यांच्या नार्नियामध्ये एडमंड नावाचा मुलगा टर्किश डिलाइट या मिठाईसाठी भावंडांचा घात करायला निघतो, ते पुस्तक १९५०चं. तेव्हाही ब्रिटनमध्ये गोळ्या-मिठाई रेशनवरच होती, ती मोकळी झाली फेब्रुवारी १९५३मध्ये. त्या मुलाची हाव त्या वेळच्या वाचकांना किती जवळून कळली असेल!

माझी आई माण तालुक्यातली. ७२च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. मिलोच्या लाल भाकरी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी यांवर ते दिवस निघाले. आम्हाला गोष्टी सांगताना ती राक्षस, राजकन्या, जंगल सगळं भराभर उरकायची, आणि जेवणाशी आली की थांबायची. पुरण किती बारीक वाटलेलं, वेलची की जायफळ, पोळीच्या कडेपर्यंत पुरण गेलं की नाही, कटाची आमटी किती पातळ. आम्हाला घाई असायची, तिला नसायची. रेडवॉल वाचताना मला आईचा तो थांबणारा आवाज सारखा ऐकू येतो. म्हणून या पुस्तकांमधली जेवणाची वर्णनं फार लांबतात ही तक्रार मी मान्य करत नाही. ज्याला पोटभर मिळालेलं नाही तो जेवण उरकत नाही.

या प्रकारच्या साहित्यात जेवण उरकणारेच जास्त आहेत. डायना विन जोन्स यांनी १९९६ साली काल्पनिक दुनियांची एक थट्टेखोर मार्गदर्शिका लिहिली. तीत त्यांनी दाखवून दिलं की तिथल्या प्रवाशाला कुठेही गेला तरी स्ट्यूच मिळतो. स्ट्यू शिजायला तास न् तास लागतात, मग पाठीवर शत्रू असलेली माणसं तो रानात कधी शिजवतात? स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही हा प्रश्न पडेल. रेडवॉलमध्ये स्ट्यू शिजतो तेव्हा चूल ठरलेली असते, लाकूड कोणीतरी फोडलेलं असतं, भाजी मठाच्या मळ्यातून आलेली असते. चढाईवर निघालेले ससे शिदोरी घेऊन निघतात आणि ती संपली की कुरकुरतात.

पिकांचा हिशेबही असतो. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट'च्या १९३७च्या आवृत्तीत जादूगार गँडाल्फ थंड कोंबडीबरोबर टोमॅटो मागतो. १९६६च्या सुधारित आवृत्तीत टोमॅटोच्या जागी लोणचं आलं. अमेरिकेतून आलेलं फळ त्या जुन्या युरोपी वळणाच्या दुनियेत शोभत नाही, असं त्याचं कारण दिलं जातं. बटाटा मात्र पुढच्या पुस्तकांतही टिकला. या कसोटीवर आपलं उपवासाचं ताट लावून बघा: साबुदाणा ज्या कंदाचा तो टॅपिओका, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, चारही अमेरिकेतून आलेले. कोणी मराठी लेखक यादवकाळातल्या देवगिरीवर अद्भुतकथा लिहीत असेल आणि नायिकेला एकादशीला साबुदाण्याची खिचडी खायला घालत असेल, तर त्यानं जरा थांबावं. वऱ्याचे तांदूळ आहेत की.

आता रांधण्याकडे येते.

सगळ्यात जास्त वेळ मी दिला तो 'डीपर-एन-एव्हर टर्निप-एन-टेटर-एन-बीटरूट पाय'ला. हा मोल लोकांचा जीव की प्राण. कादंबऱ्यांमध्ये मोल एका जाड गावरान बोलीत बोलतात. मी मुलांना सांगताना त्यांना माणदेशी बोलायला लावते, 'आन् मंग रं', आणि ते त्यांच्या अंगाला चांगलं बसतं. पदार्थ नावातच आहे: शलगम, बटाटा, बीट, आणि 'पाय' (pie) म्हणजे पिठाच्या कवचात भरून भाजलेला पदार्थ. शलगम पुण्यात वर्षभर सहज मिळत नाही, हिवाळ्यात मंडईत मिळतो, तेव्हाच करावा. कोवळा बघून घ्यावा, जून शलगम कडू निघतो. बीट मी सालासकट, अख्खं, ओव्हनमध्ये मंद भाजलं आणि मग सोललं. कुकरला लावलं की त्याचा अर्धा जीव पाण्यात जातो. तिन्हींचे वेगवेगळे लगदे, प्रत्येकात मीठ, मिरपूड आणि लोणी, एकावर एक थर. लगदे कोरडे हवेत, नाहीतर कवचाचा तळ भिजून बसतो.

वसतिगृहात तो पाय कापला तेव्हा एका मुलीनं ताटाशी नाक नेऊन विचारलं, "ताई, बाहेर पाऊस आला का?" आला नव्हता. तो बीटाचा वास होता. बीटात जिओस्मिन नावाचं एक द्रव्य असतं, पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो त्यातही तेच असतं, आणि माणसाचं नाक ते अगदी अणुमात्र असलं तरी ओळखतं. सालीजवळ ते जास्त, म्हणून साल ठेवून भाजण्याचा आग्रह. मी या पायकडे तोवर इंग्रजी घरातला एक साधा, पोटभरीचा पदार्थ म्हणून बघत होते. त्या मुलीच्या प्रश्नानंतर कळलं की जमिनीखाली राहणाऱ्या, मातीत तोंड घालून खणणाऱ्या प्राण्यांना लेखकानं मातीच्या वासाचा पदार्थ दिला आहे. तिन्ही मुळं-कंद, तिन्ही जमिनीखालचे, आणि नावात 'आणखी खोल'. काल्पनिक दुनियेतलं अन्न कसं रचावं याचा याहून चांगला धडा मला कुठल्या पुस्तकात मिळालेला नाही. कोण खातो, कुठे राहतो, त्याच्या हाताला काय लागतं, हे आधी. चव त्यातून निघते.

मुलांनी थर चमच्यानं न उचलता बोटांनी शोधले. बटाटा मऊ, शलगम जरा रेषेदार, बीट गुळगुळीत. खालून वर की वरून खाली खायचं यावर वाद झाला. रंग सगळा एकमेकांत मिसळून गुलाबी झाला होता, त्याची तिथे कोणाला फिकीर नव्हती.

दुसरा पदार्थ 'श्रिंप-एन-हॉटरूट सूप', पाणमांजरांचं. श्रिंप म्हणजे कोळंबी, हॉटरूट म्हणजे त्या दुनियेतलं एक तिखट मूळ. हे सूप म्हणजे त्यांची मर्दुमकी. अजून हॉटरूट घाल, अजून घाल, असं एकमेकांना ललकारत ती ते पितात. वसतिगृहाचं स्वयंपाकघर शाकाहारी, त्यामुळे तिथे कोळंबी गाळली आणि बटाटा-गाजर वाढवलं. घरी कोळंबी घालून वेगळं केलं. घरचं चांगलं झालं, कोळंबीचा गोडसरपणा तिखटाला धरून ठेवतो, आणि शाकाहारी रूपात नेमकी तीच गोष्ट हरवते. पण खरी अडचण तिखटाची आहे. इंग्लंडमधल्या मुलांच्या जिभेला बेतलेलं तिखट आपल्याकडच्या मुलांना तिखट वाटतच नाही. स्वयंपाकाच्या मावशींनी चव घेतली आणि म्हणाल्या, "हे तापातून उठलेल्याला द्यायचं का?" मग त्यांनी लसूण ठेचून, भरपूर मिरपूड आणि सुकी लाल मिरची घालून वरून फोडणी दिली. तेव्हा मुलं जागी झाली. एकानं आणखी तिखट मागितलं, मग शेजारच्यानं त्याच्याहून जास्त मागितलं, आणि पाहता पाहता पंगतीत पाणमांजरांची तीच चढाओढ सुरू झाली, मी काही न सांगता. ते पान मी अजून वाचूनही दाखवलेलं नव्हतं. लेखकानं अन्नातून स्वभाव काढला तो बरोबर काढला, याची मला यापेक्षा चांगली खात्री नको आहे.

'समर स्ट्रॉबेरी फिझ' नावाप्रमाणे उन्हाळ्याच्या भागातलं पेय. इथे पुस्तकाची ऋतूंची मांडणी आपल्याकडे पार उलटी पडते. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्च, म्हणजे आपण उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो तेव्हा ती संपत आलेली असते. मी फेब्रुवारीत केलं. छान लागतं, पण मुलांची पसंती पिण्यापेक्षा ऐकण्याला होती, ग्लास कानाशी धरून. सोडा ताजा हवा आणि तो वाढताना, अगदी शेवटी घालावा. एप्रिल-मेमध्ये तेच पेय कोकमाचं करून बघायला हरकत नाही. मठाच्या लोकांनीही हाताशी असलेलंच फळ घेतलं असतं.

'ब्रॉकहॉल बॅजर कॅरट केक्स' सरळ चांगले आहेत. आपली थंडीतली लाल गाजरं त्यात जरा जास्त पाणी सोडतात, किसून पिळून घेतली की काम होतं. 'लोमहेज लेगसी नटब्रेड' अक्रोड घालून केला, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागला. 'गूजबेरी फूल' (fool) म्हणजे फळाचा गर सायीत मिसळून केलेलं गोड, त्याच्या वाटेला आवळा घेऊन जाऊ नका. आवळ्याचा तुरटपणा सायीत बसत नाही, रसभरी घ्या.

तक्रारी आहेत, आणि त्या स्पष्ट सांगते. पहिली, ओव्हनशिवाय पुस्तकाचा मोठा भाग बंद राहतो. कढई, कुकर, तवा एवढ्यावर चालणाऱ्या घराला हाताशी सूप, सरबतं आणि थोडंफार एवढंच येतं. दुसरी, गोड फार आहे. कादंबऱ्यांतही गोड भरपूर, पण तिथे त्याच्या आजूबाजूला भाज्यांचे रस्से, चीज, पाव, कोशिंबिरी यांची रेलचेल असते. कुकबुकात निवड करताना तराजू गोडाकडे झुकला. मुलांसाठी म्हणून झुकवला असणार, पण माझ्या अनुभवात मुलांना तिखट-खारटच पुन्हा हवं होतं. तिसरी, कृती छोट्या आहेत आणि पहिल्यांदा स्वयंपाकघरात येणाऱ्याला त्या पुरेशा बोलत नाहीत. कादंबरीत वाफेचा वास चार ओळी सांगणारा लेखक इथे 'शिजेपर्यंत शिजवा' छापाचं बोलतो. शिजलं हे कशावरून ओळखायचं? आवाज बदलतो का? वास कधी येतो? डोळ्यांशिवाय रांधायला शिकणाऱ्या मुलांना हेच हवं असतं, आणि हे सांगायला या लेखकापेक्षा योग्य माणूस नव्हता. ही उणीव मला मनापासून लागली.

दुधाचाही प्रश्न आहे. उंदरांच्या या दुनियेत लोणी, साय, चीज यांचा पूर वाहतो, मग दूध कोणाचं? जॅक्स यांना तो प्रश्न पुढे जाणवला असावा, नंतरच्या पुस्तकांत वनस्पतीचं 'ग्रीनसॅप' दूध येतं. कुकबुकानं त्याला हात लावलेला नाही. बदाम किंवा नारळाच्या दुधातला एखादा पदार्थ त्या नावानं सहज देता आला असता, आणि तो या दुनियेला शोभलाही असता.

आणि एक प्रश्न माझा नाही, वसतिगृहातल्या एका मुलाचा. पाय खाऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "ताई, घुशींना कोण वाढतं?" या मालिकेतला सगळ्यात मोठा दोष त्यानं एका वाक्यात पकडला. रेडवॉलमध्ये चांगलं-वाईट जातीनं ठरतं. उंदीर चांगला, घूस वाईट, जन्मतःच. आणि ते ताटातही उतरतं. पहिल्या कादंबरीत मठावर चाल करून येणारा घुशींचा सरदार क्लूनी, त्याच्या टोळीला ना चूल, ना आचारी, ना मळा. ते लुटून खातात किंवा उपाशी राहतात. १९८८च्या 'मॉसफ्लॉवर'मध्ये कोटीर किल्ल्यातले सत्ताधारी जंगलवासीयांकडून धान्य-फळं कर म्हणून वसूल करतात. ती मांडणी खरी आणि कणखर आहे, पिकवतो एक आणि खातो दुसरा हे मुलांना लगेच समजतं. पण तिथेही किल्ल्यातल्या साध्या शिपायाची भूक कोणाची भूक म्हणून येत नाही. बालपण भुकेत काढलेल्या लेखकानं अर्ध्या दुनियेला पंगतीबाहेर ठेवलं, याचं मला वाईट वाटतं. कुकबुकात पाणमांजरांचा पदार्थ आहे, मोल लोकांचा आहे, बिज्जूंचा आहे. घुशींच्या छावणीतल्या कढीचा नाही. त्या मुलाला मी सांगितलं की लेखकानं ते लिहिलेलं नाही. मग त्यानंच ठरवलं: घुशी सैन्यात असतात, म्हणजे त्यांना भाकरी आणि ठेचा, टिकतो म्हणून. पुढच्या वेळी मावशींनी खरोखर भाकरी-ठेचा केला आणि मुलांनी तो क्लूनीच्या नावानं खाल्ला.

कोणी घ्यावं? ज्यांनी रेडवॉल वाचलंच नाही त्यांनी आधी हे घेऊ नये. कादंबरीशिवाय हे मध्यम प्रतीचं इंग्रजी घरगुती पाककृतींचं पुस्तक आहे, आणि तशी याहून चांगली आहेत. पहिल्या दोन कादंबऱ्या आधी वाचा, जमलं तर मोठ्यानं. त्यानंतर घ्यायचं असेल तर घरात आठ ते बारा वर्षांची मुलं आणि एक ओव्हन असावा. शिक्षकांनी, वाचून दाखवणाऱ्यांनी, वसतिगृहात काम करणाऱ्यांनी जरूर घ्यावं, आणि कृतींना बायबल मानू नये. नव्या प्रती इथे सहजी हाताला लागत नाहीत. माझी जुन्या पुस्तकांतून आली, पानांवर आधीच्या कोणाच्या तरी लोण्याचे डाग घेऊन.

सुरुवात पायनं करा, डिसेंबर-जानेवारीत, शलगम कोवळा असताना. बीट सालासकट भाजा, थर कोरडे ठेवा, आणि शेजारी फोडणी दिलेलं हॉटरूट सूप ठेवा. पाय एकटा फार सौम्य पडतो, सूप एकटं पोटाला पुरत नाही. आमच्याकडे आता मुलंच ते दोन्ही एकत्र मागतात.